दुकान वाढवलंय

आत्या केस जिंकली. कर्ज रद्द झालं, वसुली थांबली, आवाजावरचा बोजा उतरला, आणि बार्शी तालुक्यात आजवर कुणालाही न मिळालेले शंभरपैकी शंभर तिला मिळाले.

यातलं काहीही घडलेलं नाही असं धरून आपण पुढे जाऊ. एक तर जिंकलो म्हटलं की लोक पेढे मागतात. शिवाय त्या मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही पोहे खात होतो.

आम्ही म्हणजे मी आणि शकूआत्या. शकुंतला वेळापुरे, वय अडुसष्ट, कासारीण. बार्शीच्या मंडईमागच्या बोळात तिचं आणि मामांचं बांगड्यांचं दुकान होतं. (मामा म्हणजे आत्याचे यजमान; आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात.) चाळीस वर्षं चाललं. मग मामा गेले, मागोमाग आत्याचे गुडघे गेले आणि चौदा महिन्यांपूर्वी दुकानही गेलं. मी तिच्या भावाचा मुलगा, इंद्रनील. तिच्याकडेच राहतो आणि घरी बसून काम करतो. हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पदार्थांना विशेषणं लावायचं काम यंत्र करतं; ती माणसाने लावल्यासारखी वाटतात की नाही, हे मी तपासतो. त्या सकाळीच मी 'अंतर्मुख भरलं वांगं' नामंजूर केलं होतं, आणि आजचं काम झालं अशा समाधानात होतो.

"शकूआत्या, तुझा फोन," मी म्हणालो आणि स्पीकर लावला.

"नमस्कार शकूआत्या! मी ऋणानुबंध वसुलीतून जुई बोलतेय. पोहे चाललेत वाटतं? होऊ द्या सावकाश."

जुई बाई नव्हती. यंत्र होतं. मी घेतलेलं 'शकूआत्या' हे नाव तिने तीन सेकंदांत उचललं होतं. समोरच्याला घरातल्या नावाने हाक मारली की वसुली अठरा टक्क्यांनी सुधारते, असं या लोकांना आढळलंय. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी माझा फक्त शेंगदाणा गिळायचा राहिला.

"आपल्या दुकान-विस्तार कर्जाचे हप्ते थकलेत, आत्या," जुई म्हणाली.

"कुनाच्या?"

"आपल्या."

"कसला विस्तार गं बाई? मला दुकान वाढवून वरीस झालं."

"अगदी बरोबर," जुई म्हणाली. पलीकडे टिंग असा आवाज झाला. "धन्यवाद, आत्या. पुन्हा एकदा नोंद झाली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. मग मला कळलं.

आता ज्यांचं बालपण यंत्राशी बोलण्यात गेलं त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे दुकान 'बंद' करत नाहीत, वाढवतात. रात्री फळ्या लावल्या की दुकान वाढवलं. बांगडी फुटत नाही, वाढते. आत्याच्या तोंडून मी आयुष्यात 'फुटली' हा शब्द ऐकला नव्हता, आणि ही बाई काचेच्या धंद्यात होती! कासाराच्या दुकानात दिवसाला पन्नास बांगड्या हातात चढवताना तुटतात, त्या सगळ्या वाढतात. अशुभ बोलायचं नाही, एवढंच. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मामा शटर ओढायचे आणि आत्या म्हणायची, "वाढवलं." चौदा महिन्यांपूर्वी कायमचं शटर ओढलं तेव्हाही ती तेच म्हणाली.

आणि दुर्दैवाने दुसऱ्या दिवशी ते फोनवरही म्हणाली.

"आपल्याला ऐकायचंय का?" जुईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाजवलं. छोट्या व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा योजनेसाठी माहिती विचारणारा फोन होता तो. धंदा कसा चाललाय, असं कुणीतरी विचारत होतं आणि आत्याचा आवाज येत होता, "दुकान वाढवलंय मी, कालपासनं. आता तुमचं काय असंल ते तुम्ही बघून घ्या."

"पहिलं वाक्य म्हणजे विस्ताराची घोषणा," जुई प्रेमाने समजावू लागली. "दुसरं म्हणजे अर्थसाहाय्याचा निर्णय आपण आमच्यावर सोपवलात. आम्ही बघून घेतलं. चाळीस फूट शोकेस, आरसे आणि दिवे आपल्या दुकानाच्या पत्त्यावर पोचवले. खात्रीअंक नव्व्याण्णव."

"खात्रीअंक म्हंजी?" आत्याने मला विचारलं.

हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

आपण बोलतो तेव्हा गळ्यातले दोन पडदे सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, आणि कुठलीही दोन कंपनं अगदी सारखी नसतात. आठवणीत तयार असलेली गोष्ट आपण सांगतो तेव्हा ही थरथर एका प्रकारची असते. जुळवून, चाचपडत किंवा आतून नको असताना बोलतो तेव्हा ती बदलते. श्वास थोडा आधी तुटतो, अक्षर ओठावर यायला सेकंदाचा काही हजारावा भाग जास्त घेतं. माणसाच्या कानाला हे कळत नाही. 'स्वरसाक्षी' नावाच्या यंत्राला कळतं. ते अशा सहाशे खुणा मोजतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं, तो खात्रीअंक. लक्षात घ्या, हे यंत्र खरंखोटं ओळखत नाही. बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर किती विश्वास आहे, तेवढंच ते मोजतं. पहिल्या वर्षी हा फरक सगळ्यांना माहीत होता. दुसऱ्या वर्षी फक्त शास्त्रज्ञांना. तिसऱ्या वर्षी कायदा आला.

कायदा सोपा आहे. सत्तरच्या वर अंक असलेलं वाक्य म्हणजे सही. रेशन, गॅस, दवाखाना, बँक, सगळीकडे. अंगठा गेला, सही गेली, आवाज राहिला.

"पण बाई," मी फोनमध्ये म्हणालो, "दुकानाचा परवाना परत केल्याचा कागद आहे आमच्याकडे. जागा सोडल्याचा करारही आहे."

"कागद खोटे असू शकतात, दादा," जुई म्हणाली. "आत्या खोटं बोलत नाहीत."

खरंच नाही बोलत ती.

मग जुईने आम्हाला आमचे हक्क वाचून दाखवले. तिला ते वाचावेच लागतात, आणि ती फार सुंदर वाचते, आकाशवाणीवर सकाळी वाचायचे तसे. ग्राहकाला कर्ज नाकारण्याचा हक्क आहे. तीस दिवसांच्या आत नाकारलं तर पुरावा मागण्याचा हक्क आहे. पुरावा देईपर्यंत वसुली थांबवण्याचा हक्क आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन न येण्याचा हक्क आहे. नातेवाइकांसमोर अपमान न होण्याचा हक्क आहे.

"मग मी नाकारते," आत्या म्हणाली.

"अवश्य. नकार स्वरसाक्षीवर द्यायचा असतो, सत्तरच्या वर अंकाने. आणि पुरावा आपण आत्ताच ऐकलात, म्हणजे तो हक्क आम्ही पुरवला. बरं आत्या, सहज विचारते, मग कधी भरणार?"

मी फोन बंद करायला हात पुढे केला. पण आत्याला कुणी धंद्याचं विचारलं की तिला राहवत नाही.

"आता काय, घरीच भरते," ती म्हणाली. "लगीनघरातनं बोलावनं आलं तर दारात जाऊन भरते. गुडघं दुखत्यात, पर भरायचं सोडलं न्हाई मी. शेवटपत्तूर भरनार."

बांगड्या. ती नवरीला चुडा भरण्याबद्दल बोलत होती, बाबांनो. बांगड्या.

टिंग.

"खूप आभार, आत्या," जुईचा आवाज खरोखर हळवा झाला. "थकबाकीदाराने एवढ्या निष्ठेने भरण्याचं वचन दिलेलं मी पहिल्यांदा ऐकतेय. अठ्ठ्याण्णव."

पोहे गार झाले. आत्याने बश्या उचलल्या. मग म्हणाली, "पोरगी ग्वाड हाय रं. पर तिला मराठी येत न्हाई."

पंधरा दिवसांनी बोजा चढला.

जमिनीच्या उताऱ्यावर चढतो तसाच, पण आवाजावर. म्हणजे आत्याने कुणालाही फोन केला की तिच्या आधी एक बाई बोलायची, "सावधान. या आवाजावर बोजा आहे." आणि मग आत्याचं, "हॅलो, म्या शकू." तिसाव्या दिवसानंतर आवाज गोठणार होता, म्हणजे रेशनवाल्यापासून दवाखान्यापर्यंत कुठलंच यंत्र तिचं 'हो' ऐकणार नव्हतं. ती बोलेल, पण मोजली जाणार नाही.

पण आत्याचं नुकसान त्याच्या आधीच सुरू झालं. लग्नाचा मोसम होता. गेल्या साली या दिवसांत तिला रोज एका घरचं बोलावणं असायचं. ओसरीवर बसून ती नवरीचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा मऊ भाग असा काही दाबायची की हात मांजराच्या पायासारखा मिटायचा आणि दीड इंची बांगडी अडीच इंची हातावरून सरकन जायची. मी बघितलंय ते. अजून कळलेलं नाही मला.

आता नवरीची आई फोन करायची आणि पहिलं वाक्य ऐकायची ते 'सावधान'. "नंतर करते हं," म्हणायची ती. कुणी नंतर केला नाही. चुडा भरायच्या दिवशी दारात बोजावाली बाई कोण घेईल? मुलीच्या संसाराला ते लागेल, असं एकीने चक्क बोलून दाखवलं. आत्या चिडली नाही. "तिचं बी बरोबर हाय," म्हणाली. मला तिच्या त्या समजूतदारपणाची भीती वाटली.

मी तालीम घ्यायला सुरुवात केली. स्वरसाक्षीचं घरगुती ॲप मिळतं, नवराबायकोंमध्ये फार खपतं. ते टेबलावर ठेवलं आणि आत्याला म्हणालो, "एकेक वाक्य बोल."

"माझं नाव शकुंतला." नव्व्याण्णव.

"मी बार्शीची." नव्व्याण्णव.

"माझा भाचा हुशार हाय." छत्तीस.

"आत्या!"

"मी काय करू? यंत्र बोलतंय."

"बरं, आता मुद्द्याचं. म्हण, हे कर्ज माझं नाही."

"हे कर्ज माझं न्हाई."

एक्केचाळीस.

मी तिला दहा वेळा म्हणायला लावलं. एक्केचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस. पाठ करून म्हणायला लावलं, ओरडून म्हणायला लावलं, कीर्तनाच्या चालीत म्हणायला लावलं. शेवटी तिने चष्मा काढून ठेवला.

"इंद्या, कसं म्हनू मी? माझ्याच तोंडचं हाय ना ते. मी म्हनाले वाढवलं. त्यांनी ऐकलं वाढवलं. चूक कुनाची धरू?"

"त्यांची!"

"तुला वाटतं तसं. तू बोल मग."

मी बोललो. "हे कर्ज आत्याचं नाही." आयुष्यात एवढ्या खात्रीने मी काही बोललो नसेन. बारा. खाली बारीक अक्षरांत आलं, 'बोलणाऱ्याला स्वतःच्याच हुशारीचा आनंद होत आहे.' मी ॲप काढून टाकलं.

एक हक्क मात्र जुईने भरभर वाचला होता, तो मला सापडला. ग्राहकाला जिवंत माणसासमोर सुनावणी मागता येते. मी मागितली. सव्विसाव्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली. तहसील कचेरीच्या पहिल्या मजल्यावर तालुका स्वर कक्ष. जिवंत माणसाचं नाव तन्वी हंचाटे. तिशीची असेल. टेबलावर स्टीलच्या दांडीवर माइक, शेजारी आकडा दाखवणारा पडदा, आणि स्पीकरवर वादी म्हणून जुई.

मी सगळं सांगितलं. वाढवणं, भरणं, शटर, चुडा. हंचाटेबाई ऐकता ऐकता हसल्या आणि हसता हसता गंभीर झाल्या.

"माझी आजी पण म्हणायची दिवा वाढव," त्या म्हणाल्या. "मला लहानपणी वाटायचं, मोठा कर म्हणतेय. एकदा भडकवला होता मी कंदील."

"म्हणजे तुम्हाला समजलं!" मी उठूनच उभा राहिलो.

"समजलं हो. पण समजणं हा पुरावा नाही. निकाल मी देत नाही, माइक देतो. मी खुर्चीवर यासाठी असते की सुनावणी जिवंत माणसासमोर झाली असं लिहिता यावं." त्यांनी माइक आत्याकडे वळवला. "एक वाट आहे, आजी. 'कर्ज माझं नाही' हे बोलूच नका. दुकानाची आजची स्थिती सांगा. सुरू की बंद, एवढंच. 'बंद' सत्तरच्या वर गेलं की विस्तार खोटा ठरतो आणि त्यावरचं कर्ज आपोआप पडतं."

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. एक शब्द! दोन अक्षरं!

आत्या माइकजवळ गेली. घसा साफ केला.

"दुकान वाढ—"

"तो शब्द नको, आजी."

"आवरलं."

'आवरणे : नीटनेटके करणे,' पडद्यावर आलं. 'स्थिती : सुरू.'

"शटर वडलं."

'तात्पुरते. स्थिती : सुरू.'

"किल्ली दिली मालकाला."

'विश्वासू व्यक्तीकडे चावी. स्थिती : सुरू.'

"अभिनंदन, आत्या," स्पीकरमधून जुई म्हणाली. "एवढ्या अडचणींतही चालू ठेवलंत."

"आत्या," मी दातओठ खात म्हणालो, "एकदाच म्हण. बंद. आपण घरी जाऊन दहीभात खाऊ."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग माइककडे. मंगळसूत्राला हात लावावा तसा तिने गळ्याला हात लावला. मंगळसूत्र नव्हतं तिथे.

"बंद केलं," ती म्हणाली.

तेवीस.

मी पडद्यावर टकटक करून पाहिलं, जसा काही आकडा अडकला असावा. हंचाटेबाईंनी माझा हात हळूच बाजूला केला.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर कसं? दुकान बंद आहे! चौदा महिने! तिथे दुसरा भाडेकरू आहे!"

"ते तुम्हाला माहितीये. त्यांना माहिती नाही." त्या आत्याकडे बघत होत्या. "आजी, तुम्ही गेलात का तिकडे नंतर कधी?"

"कशाला जायाचं?" आत्या म्हणाली. "वाढवलं ना. रोजच वाढवत हुतो. आता जरा जास्ती दिस झालं, एवढंच."

एवढंच. मी चौदा महिने या बाईसोबत एका घरात राहत होतो. हिच्या हातचे पोहे खात होतो. आणि मला कळलं नव्हतं की हिच्या लेखी दुकान बंद झालेलंच नाही, फक्त संध्याकाळ लांबलीये.

हंचाटेबाईंनी घड्याळ पाहिलं. "जेवणाची सुट्टी देते पाऊण तास. नंतर शेवटची संधी. ती हुकली की चार दिवसांनी आवाज गोठेल आणि मला काही करता येणार नाही." मग खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "मंडई जवळच आहे."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. ते कळल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला. मी माझ्या आत्याला पटवून द्यायला निघालो होतो की तिचं दुकान मेलंय, आणि हे मी मदत म्हणून करणार होतो.

रिक्षाने पाच मिनिटं लागली. बोळात शिरलो आणि लांबूनच ते दिसलं. चाळीस फूट लखलखीत शोकेस, आरसे, दिवे. सगळं आत्याच्या नावावरचं. बांगड्या लटकवायच्या आडव्या दांड्या, रांगेवर रांगा, आणि त्या दांड्यांवर चष्मे. शेकडो चष्मे, काड्या मुडपून टांगलेले. पाटी होती, 'नदाफ चष्माघर'.

"या, मावशी, या!" गल्ल्यावरचा माणूस उठला. चाळिशीचा, गालावर खळी. "नंबर काढायचा का? बसा. पाणी घ्या आधी."

"सामान झ्याक हाय," आत्या म्हणाली. दांडीवरून तिने बोट फिरवलं, धूळ बघावी तसं.

"विचारूच नका मावशी. गेल्या वर्षी एक दिवस ट्रक आला, चार माणसं उतरली, सगळं बसवून निघून गेली. पैसे मागितले नाहीत, सही मागितली नाही. मी आठ दिवस झोपलो नाही भीतीने. बायको म्हणाली, वरच्याने दिलंय, ठेवून घ्या."

"आन् पह्यलं काय हुतं इथं?"

मी आत्याचा दंड धरला. तिने तो हळूच सोडवला.

"बांगड्यांचं होतं म्हणे," नदाफ म्हणाला. "कुणीतरी कासार होते, म्हातारे नवराबायको."

"नाव?"

"नाव नाही सांगता येणार. बंद पडलं ते."

तो सहज म्हणाला. पाण्याचा पेला पुढे करता करता. त्याचा काहीच दोष नव्हता. त्याच्या आवाजाचा अंक काढला असता तर शंभर आला असता.

आत्या पाणी प्यायली. तिने पेला परत दिला. पायरी उतरताना थांबली. चाळीस वर्षांच्या सवयीने तिचा हात वर गेला, शटरची कडी जिथे असायची तिथे. तिथे आता काच होती. काचेला हात लागला, तिने तो तसाच थोडा वेळ ठेवला आणि खाली घेतला.

"चल," म्हणाली. "बाई वाट बघत आसंल."

कचेरीत परतलो तेव्हा हंचाटेबाई डबा झाकत होत्या. आत्या स्वतःहून माइकपुढे बसली. मी काही सांगितलं नाही. मला काही सांगायचंच नव्हतं. तिने उठून घरी जावं, आवाज गोठावा, रेशन बुडावं, कर्ज मी फेडीन, असं मला तेव्हा वाटत होतं. पण ते मी बोललो नाही. बोललो असतो तरी बाराच्या वर गेलं नसतं.

"दुकान बंद झालं," आत्या म्हणाली. "आता उघडायचं न्हाई."

पडद्यावरचा आकडा चढत गेला नाही. थेट आला. शंभर.

हंचाटेबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की त्यांनी नव्व्याण्णवच्या वर कधी पाहिलं नव्हतं. तसा आकडा निघतो हेच त्यांना माहीत नव्हतं. एका आईला तिचं मूल ओळखायला लावलं तेव्हासुद्धा सत्त्याण्णव आला होता म्हणे. कर्ज रद्द झालं. बोजा उतरला. जुईने तिथल्या तिथे माफी मागितली, दोन भाषांत, आणि दुकान बंद झाल्याबद्दल मनापासून शोक व्यक्त केला. त्यानंतर तिने बंद पडलेल्या व्यवसायांसाठीच्या एका सहानुभूती कर्जाची माहिती दिली, अगदी माफक व्याजाने. मी वायर ओढली.

"आरं, राहू दे," आत्या म्हणाली. "पोरगी तिचं काम करती."

हे सगळं होऊन आता तीन आठवडे झालेत. लग्नाची बोलावणी परत सुरू झाली आहेत. आत्या प्रत्येकीला सांगते, "भरायचं बंद केलं मी." साधं, सरळ, एका दमात. परवा कपाट आवरताना तिच्या जुन्या डब्यातली हिरवी बांगडी माझ्या हातून पडली. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. तिने मान वर न करता म्हटलं, "फुटली. केरात टाक."

मी केर भरला. मग बसून अर्ज लिहिला. नक्कल खाली देत आहे. मूळ प्रत पोचल्याचा शिक्का माझ्याकडे आहे.

प्रति,
मा. तालुका स्वर अधिकारी,
तालुका स्वर कक्ष, बार्शी.

विषय : सुनावणीत उच्चारलेल्या एका वाक्याबाबत.

महोदया,

उपरोक्त सुनावणीचा निकाल आमच्या बाजूने लागला असून कर्जाबाबत आमची कोणतीही तक्रार शिल्लक नाही. सुनावणीत माझी आत्या श्रीमती शकुंतला वेळापुरे यांनी उच्चारलेले अखेरचे वाक्य आपल्या दप्तरी कायम राहण्यासही आमची हरकत नाही.

तथापि, सदर वाक्य उच्चारले जात असताना माझी आत्या स्वतःही त्या खोलीत हजर होती व तिने ते ऐकले, ही बाब निकालपत्रात कोठेही विचारात घेतलेली दिसत नाही.

तरी सदर वाक्य तिच्या ऐकण्यातून पूर्वलक्षी प्रभावाने वगळण्यात यावे, आणि तिचा खात्रीअंक पूर्ववत तेवीस करून मिळावा, ही नम्र विनंती.